हळदीखालचं पिवळं

चाची, आज सकाळी तुझ्या घरासमोरून जाताना मी मान दुसरीकडं फिरवली. चार वर्षांची सवय. तू ओट्यावर बसलेली असणार, तुझ्या नजरेला नजर द्यायला नको, म्हणून रजिस्टर छातीशी धरायचं आणि समोरच्या पिठाच्या गिरणीकडं बघत भरभर निघून जायचं. दहा पावलं पुढं गेल्यावर डोक्यात आलं की ओट्यावर कुणी नाहीच. तुला जाऊन तीन दिवस झाले. मी रस्त्यात तशीच उभी राहिले आणि मागं वळून बघितलं. ओटा झाडलेला होता, तुझी सुपारीची डबी खिडकीत होती. गिरणीवाला विचारत होता, ‘काय झालं वं आशाताई?’ मी म्हटलं, काही नाही.

असं कुणी जातं का गं? आदल्या दिवशी तू बीबी गावच्या बाजारात कांदे निवडत होतीस. मी दोन दुकानं सोडून उभी होते. तू माझ्याकडं पाहिलंस, मी भेंडीकडं पाहिलं. धडधाकट होतीस. कांदेवाल्याशी हुज्जत घालत होतीस, तुझा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी लोणारला आम्हा आशा सेविकांची मीटिंग होती. तिथं माझ्या पूनमचा फोन आला, ‘आई, चाची गेली.’ मी विचारलं, ‘कुठं गेली?’ ती म्हणाली, ‘गेली म्हणजे गेली वं आई.’ तरी मी पुन्हा विचारलं, ‘अवं पण कुठं?’ बाकीच्या आशा माझ्याकडं बघायला लागल्या. चहाचा पहिला घोट घेतलास आणि दुसरा घेतलाच नाहीस, एवढंच म्हणे झालं. तुझ्या लेकाला, सलीमला वाटलं, चहा गरम असेल म्हणून थांबलीस.

एसटीनं पोचेपर्यंत बायांनी तुला न्हाऊ घातलं होतं. सलीमच्या बायकोनं हाताला धरून मला आत नेलं. पांढऱ्या कापडात तुझा तेवढा चेहरा दिसत होता. बाया रडत होत्या, मला रडू आलं नाही. मी तुझे हात कुठं आहेत ते शोधत होते. मला तुझा उजवा अंगठा बघायचा होता आणि तो कापडाच्या आत होता. असं कसं कुणाला म्हणायचं, की जरा अंगठा दाखवा? मी बाहेर येऊन चपला शोधत बसले.

हे लिहायला बसले तर बघ, भाषा आपोआप फॉर्म भरल्यासारखी होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘काय वं वंदना, मास्तरीण झाली का आता?’ होऊ दे. बोलून तर मी तुझं काही भलं केलं नाही.

मी या गावची आशा झाले तेव्हा तुला लेकरांची मालीश करायला लागून तीस वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या लोकांचे हातपाय तू चोळलेले. मराठ्याचं घर असो, बौद्धवाड्यातलं असो, तुझ्या मोहल्ल्यातलं असो, बाळंतीण घरी आली की पहिलं बोलावणं तुला. माझ्या पूनमलाही तूच पायावर घेऊन न्हाऊ घातलंस. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, लेकरू रडलं की मीही रडायची. तू म्हणायचीस, ‘दोन लेकरं हायेत या घरात, एकाले मालीश, एकाले पोळी.’ आणि खरंच मला गूळ-तूप लावून पोळी द्यायचीस. ते तूप मी विसरले नव्हते, चाची. तरी तुला नको नको ते बोलले.

आपलं भांडण हळदीवरून. बेसन, तेल आणि हळद कालवून तू लेकराला डोक्यापासून पायापर्यंत माखायचीस. मी ट्रेनिंग करून आले आणि तुझ्या मागंच लागले.

‘चाची, तान्ह्या लेकराले हळद काऊन चोपडून राह्यली?’

‘अवं, अंगावरची लव जाते. तुह्या पूनमले लावली होती, ते का वाईट दिसते?’

‘त्यानं रंग कळत नाही लेकराचा.’

‘रंग काऊन पाहाचा? आत्ताच लगन लावाचं हाये का त्याचं?’

बाया खो खो हसायच्या. मीही हसायची. तेव्हा आपलं भांडण असलंच होतं. मी तुला समजावून सांगायची की आईच्या पोटात असेपर्यंत लेकराच्या रक्तातला पिवळा कचरा आईचं शरीर बाहेर टाकतं. जन्मल्यावर ते काम त्याचं त्याला करावं लागतं आणि त्याचं लिव्हर अजून कच्चं असतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ लेकरं पिवळी होतात. आईचं दूध घेत राहिली तर ते पिवळं शी-शूवाटे निघून जातं, आठ-पंधरा दिवसांत लेकरू मोकळं. पण एखाद्याचं वाढतच जातं. पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं तर एक तासही थांबायचं नाही. वाढत वाढत ते डोक्यात शिरलं की कान जातात, मेंदूला मार बसतो, मग कुणाच्या बापाला ते परत आणता येत नाही.

तू सुपारी कातरत सगळं ऐकून घ्यायचीस. तुला वाटायचं कावीळ म्हणजे बाळंतिणीनं तेलकट खाल्ल्यानं होते, गळ्यात मुळ्यांची माळ घातली की उतरते. मी म्हटलं, ती मोठ्यांची वेगळी आणि माळेनं तीही उतरत नाही. तू सुपारी तोंडात टाकलीस आणि विचारलंस, ‘मंग कोणाची आपोआप जाते अन् कोणाची वाढते, हे ओळखाचं कसं?’

‘उजेडात पाहून.’

‘अन् बाळंतिणीच्या खोलीत उजेड कुठं असते वं?’

मी म्हटलं, ‘ते तुम्ही पाहा.’ काय उत्तर होतं ते! तुझा प्रश्न बरोबर होता. खिडकीला गोधडी लावलेली, दाराला चादर, शेगडीवर ओवा-शेपाची धुरी, वारं लागू नये म्हणून लेकरू कानापर्यंत गुंडाळलेलं. आपल्याकडं बाळंतिणीची खोली अशीच असते, आणि त्या खोलीत जाऊन लेकराचा रंग बघायचं काम सरकारनं मला दिलेलं.

मग आपल्या गावच्या शीलाला पोरगी झाली. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आली, तिसऱ्या दिवशी तुझी मालीश सुरू झाली. सहाव्या दिवशी तिनं दूध सोडलं, मान मागं टाकली, बारीक किंचाळल्यासारखी रडायला लागली. गाडी करून शहराच्या दवाखान्यात नेलं तोवर पिवळं पार वर चढलं होतं. तिथं अंगावर निळा लाइट लावला, रक्तसुद्धा बदललं. पोरगी वाचली. आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काही महिन्यांनी शीलाच्या लक्षात आलं की ताट पडलं तरी पोरगी दचकत नाही.

कानांच्या तपासणीचा कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. गावच्या सगळ्या बाया होत्या, शीला पोरगी घेऊन भिंतीशी बसली होती. तू कुणाच्या तरी नातवाला घेऊन आलीस आणि माझं डोकंच फिरलं.

‘तुह्या हळदीनं शीलाच्या पोरीचे कान खाल्ले, चाची! किती डाव सांगतलं तुले, किती डाव! आता दे आणून कान!’

तू हातातलं लेकरू त्याच्या आजीकडं दिलंस. म्हणालीस, ‘मले त सारंच पिवळं दिसते वं, बाई.’ मग शीलाकडं बघून नुसती मान हलवलीस, नाही म्हणून. मला वाटलं, एवढं होऊन तू नाकबूलच करतेस. त्या मान हलवण्याचा मला तुझ्या हळदीपेक्षाही जास्त राग आला. मी आणखी बोलले. ते आता लिहवत नाही.

त्यानंतर बऱ्याच घरांनी तुला बोलावणं बंद केलं. तू ओट्यावर बसायला लागलीस आणि मी गिरणीकडं बघून चालायला लागले.

पुढं कुणीतरी सांगितलं की सलीमनं तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. पट्टी सुटल्यावर तू दोरीवर वाळत घातलेली चादर बघून म्हणालीस, ‘या अल्लाह, हे एवढी पांढरी होती का?’ मोतीबिंदूच्या डोळ्याला सगळं पिवळट दिसतं, पांढरंसुद्धा. तू अंगणवाडीत निमित्त सांगत नव्हतीस, जे होतं तेच सांगत होतीस. हे कळलं त्या दिवशी मी तुझ्या घराकडं निघालेही होते. गिरणीपर्यंत आले आणि परत फिरले. म्हटलं, एवढं बोलल्यावर आता कोणत्या तोंडानं जायचं.

ऑपरेशननंतर तू एक नवीनच सुरू केलंस. मी आयांना शिकवायला बसले की तू अंगणवाडीच्या बाहेर, पायरीवर येऊन बसायचीस. आत यायची नाहीस, बोलायची नाहीस. मी बाहुली घेऊन दाखवायची, की खिडकी उघडा, लेकराला दिवसाउजेडी दारात आणा, हळद-बिळद असेल तर आधी ओल्या कापडानं पुसा. कपाळावर अंगठा दाबा, उचला, उचलल्या उचलल्या खालचा रंग बघा. मग छाती, मग गुडघा, मग तळपाय. पिवळं वरून खाली उतरत जातं. तळपायापर्यंत आलं, किंवा लेकरू दूध ओढेना, उठता उठेना, तर सरळ दवाखाना. उन्हात धरून वेळ घालवू नका. पायरीवर बसून तू स्वतःच्या तळहातावर अंगठा दाबून उचलून बघत असायचीस. मला वाटायचं, म्हातारी माझी नक्कल करते.

मग दीड वर्षापूर्वी पूनम बाळंतपणाला माहेरी आली आणि माझा विहान झाला. पहिला नातू! मी आजी झाले आणि आशा आहे हे साफ विसरले. तिसऱ्या दिवशी तोंडावर थोडं पिवळं दिसलं. म्हटलं, होतंच असतं. रोज सकाळी कुंची घालून, गळ्यापर्यंत गुंडाळून त्याला अंगणात उन्हात धरायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘लय गुणाचं पोट्टं हाये बाप्पा, रडतच नाही. झोपते नुसतं.’

पाचव्या दिवशी दुपारी मी दुसऱ्या बाळंतिणीची भेट करून घरी आले तर तू माझ्या अंगणात पाय पसरून बसली होतीस आणि विहान उघडा तुझ्या पायांवर. पूनमनं मला न विचारता तुला बोलावलं होतं. मी दारातच थांबले. तू वर बघितलं नाहीस. कपाळावर अंगठा दाबलास, उचललास. छातीवर. गुडघ्यावर. मग त्याचं एवढंसं पाऊल हातात घेतलंस आणि तळव्यावर अंगठा दाबून उचललास. परत दाबलास.

‘वंदना, इकडं ये.’ अडीच वर्षांतला पहिला शब्द. ‘हे पाह्य. तळपाय पिवळा हाये.’

‘काही नाही ते. सकाळी ऊन दाखवते मी त्याले.’

‘उन्हानं जात असती त आम्हाले दवाखाना काऊन सांगत होती तू?’

‘पोरगं शांत हाये, चाची. गुणाचं हाये.’

‘गुणाचं नाही, सुस्त हाये. टिचकी मारली तळपायाले, त उठलं नाही. बोट दिलं तोंडात, त ओढलं नाही.’ मग तू ओरडलीस, बाजारात ओरडतेस तशी, ‘आजी झाली म्हणून आंधळी झाली का? गाडी बोलाव!’

दोन दिवस विहान निळ्या लाइटखाली होता, डोळ्यांवर पट्टी लावून. मी काचेतून त्याच्या तळपायांकडं बघत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, एक दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. आज तो गिरणीचा आवाज आला की कानावर हात ठेवतो. ऐकू येतं त्याला, चाची. सगळं ऐकू येतं.

गाडीत बसताना तू खिडकीशी आली होतीस. म्हणालीस, ‘तूच पाह्यलं असं सांग सगळ्याइले. माह्यं नाव नको घेऊ.’ मला तो टोमणा वाटला. मनात म्हटलं, संधी साधली म्हातारीनं. आणि रागानं मी खरंच तसंच सांगितलं. दवाखान्यात, गावात, मीटिंगमध्ये, सगळीकडं, मी पाहिलं म्हणून. टाळ्या वाजल्या. बारशाचं बोलावणं तुला पूनमच्या हातून पाठवलं. तू आली नाहीस, हातानं शिवलेलं पांढरं टोपरं पाठवलंस. त्याबद्दलही मी तुला दोन शब्द बोलले नाही. कधीतरी बोलू, असं धरून चालले होते. तू कुठं जाणार होतीस?

आता खरं ते लिहिते. इतके दिवस ते मी पूनमलासुद्धा सांगितलेलं नाही.

शीलाच्या पोरीची तिसऱ्या दिवसाची भेट माझी होती. मी गेले होते. खोलीत अंधार, धुरीचा धूर, लेकरू तू नुकतंच माखून गुंडाळून ठेवलेलं. मी कपड्याचा कोपरा उचलला, हळद दिसली. शीलाची सासू म्हणाली, ‘आत्ताच झोपलं, उठवू नको वं.’ त्या दिवशी मला अजून चार घरं करायची होती. मी हळद पुसली नाही. खिडकी उघडायला सांगितली नाही. बाहेर ओसरीवर बसून फॉर्म भरला आणि रंगाच्या रकान्यात लिहिलं, नॉर्मल. तू तर मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पाहिलं होतंस. माझे डोळे चांगले होते, मी पाहिलंच नाही. अंगणवाडीत तुझ्यावर ओरडत होते तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर एवढ्या जोरात ओरडत होते.

आज ओट्यापासून मी पुढं भेटीला गेलेच नाही. सरळ शीलाकडं गेले. पोरगी अंगणात होती, कानामागं मशीन लावलेलं. मला बघून धावत आली आणि स्वतःच्या तळहातावर अंगठा दाबून उचलला, परत दाबून उचलला, आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मला कळेना. शीला म्हणाली, ‘चाचीले इचारून राह्यली. तिच्या भाषेत चाची म्हणजे अंगठा. रोज दुपारी यायची ना चाची तिच्यासंगं खेळाले.’

रोज. मला माहीतही नव्हतं.

मी तिथंच खाली बसले. म्हटलं, ‘शीला, तिसऱ्या दिवशी मी आली होती. मी हळद पुसून पाह्यली नाही. मी नॉर्मल लिहून गेली. चाचीवर जे खापर फोडलं ते माह्यं होतं.’ मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शीला म्हणाली, ‘माहीत हाये ताई. मी का घरात नव्हती? तुम्ही आल्या, कपडा उचलला, गेल्या. मी पोरीले घेऊन शहराच्या दवाखान्यातून आली तवाच सांगतलं होतं चाचीले. अंगणवाडीत तुम्ही ओरडून राह्यल्या होत्या तवा मी तोंड उघडणारच होती. चाचीनं माह्याकडं पाहून मान हालवली.’

‘काऊन?’

‘मी भी तेच इचारलं, काऊन म्हणून. त म्हणे, आशावरचा भरवसा उडाला त गावातल्या बाया लेकरं दाखवतीन कोणाले? काविळीच्या माळवाल्याले? म्हणे, माह्यं काय, मी म्हातारी, मले चालते. तिचं नाव राह्यलं पाह्यजे.’

ती मान तू माझ्यासाठी हलवली होतीस. गाडीच्या खिडकीतलं ते बोलणंही टोमणा नव्हता. चाची, मी चार वर्षं गिरणीकडं बघत चालले आणि तू चार वर्षं माझं नाव राखत ओट्यावर बसलीस? अवं, एकदा तरी ओरडायचं होतं माह्यावर! बाजारात कांदेवाल्याशी भांडत होती, माह्याशी काऊन नाही भांडली?

परवा अंगणवाडीत लसीकरण आहे. त्याच बाया असतील, तीच भिंत. मी तिथं उभी राहून सांगणार आहे की शीलाच्या पोरीचं पिवळं मी पाहिलं नाही आणि माझ्या नातवाचं चाचीनं पाहिलं. सांगितल्यावर त्यांचा भरवसा उडाला तर उडू दे. आशाचीही नजर चुकते हे कळलं तर निदान खिडकी त्या स्वतःच उघडतील. तुला हे पटणार नाही, मला माहीत आहे. तू म्हणशील, नको.

मंग हालव मान, चाची. त्या दिवशी शीलाकडं पाहून हालवली तशी, एकडाव माह्याकडं पाहून हालव. तू हालवली त मी थांबते, सांगत नाही कोणाले. हालव.